सत्तर हजार पेशी आणि एक शिवी

"रात्री किती वाजेपर्यंत मोबाईल बघता?"

हा प्रश्न मला दहा वर्षांत चार डॉक्टरांनी विचारला. दवाखाने वेगळे, गावं वेगळी, स्वर एकच. उत्तरासाठी कुणी थांबलं नाही, कारण उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. जेवताना ताटावर डोकं टेकणारी, पेपर लिहिता लिहिता अक्षरांची गांडुळं करून ठेवणारी, मैत्रिणीच्या जोकवर हसताना गुडघ्यांतलं बळ जाऊन जिन्यातच बसणारी मुलगी म्हणजे रात्रभर फोनवर असणार, दुसरं काय! घरी यासाठी याहून छोटा शब्द होता. आळशी.

मला नार्कोलेप्सी आहे, टाइप १. दहावीनंतरच्या सुट्टीत सुरुवात झाली, नाव कळलं सव्विसाव्या वर्षी. यात माझंच नशीब खास फुटकं होतं असं नाही. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांतसुद्धा पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण आठ ते पंधरा वर्षं गेलेली दिसतात. आजार बहुतेकांना गाठतो तो पंधराच्या आसपास, म्हणजे ही वर्षं जातात ती नेमकी दहावी-बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं प्रेम यांची.

आणि संताप येतो तो यामुळे, की या आजाराचं मूळ विज्ञानाला सन २००० मध्येच सापडलं होतं. तेव्हा मी तीन वर्षांची होते. म्हणजे मी आजारी पडण्याच्या कितीतरी आधी उत्तर तयार होतं आणि तरी माझ्यापर्यंत यायला त्याला तेवीस वर्षं लागली. हा उशीर ज्ञानाच्या अभावाचा नाही. एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द फक्त आईच्या किंवा सरांच्या तोंडी नसतो. तपासणीच्या खोलीत, कोर्टात, औषधांच्या बाजारात तो वेगवेगळे कपडे घालून बसलेला असतो.

आधी आजाराबद्दल, कारण त्याच्याविषयी जे वाटतं ते बहुतेक चुकीचं असतं. नार्कोलेप्सीचा माणूस चोवीस तासांत इतरांपेक्षा फार जास्त झोपत नाही. दिवसा झोप अंगावर कोसळते आणि रात्री तीच झोप दहा ठिकाणी तुटते. बिघाड झोपेच्या प्रमाणात नसून कुंपणात आहे. जागेपणा, साधी झोप आणि स्वप्नांची झोप ही तीन शेतं निरोगी मेंदूत वेगळी असतात. स्वप्नांच्या झोपेला, म्हणजे रेम झोपेला, साधारण माणूस झोपल्यावर तासा-दीड तासाने पोचतो. या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून टाकतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना खरोखर पलंगावरून उठून धावलो असतो. आमच्यात कुंपणच नसल्याने ही गुरं कुठेही शिरतात. डोळा लागल्यावर काही मिनिटांत रेम सुरू. अर्धवट जागेपणी स्वप्न खोलीत येऊन उभं राहतं. जाग आलेली असते पण हातपाय हलत नाहीत, आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आणि टक्क जागे असताना, हसलो की स्नायू गळतात. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. शुद्ध जात नाही. जिन्यात बसलेल्या मला मैत्रिणींचं सगळं बोलणं ऐकू येत होतं, "नाटकं करते" हेसुद्धा.

आता ही लक्षणं एकेकटी घेऊन डॉक्टरकडे जा. खोलीत माणूस दिसतो म्हटलं की स्किझोफ्रेनियाचा संशय. पाय गळतात म्हटलं की फिट. दिवसभर पडून राहते म्हटलं की डिप्रेशन. हे मी रागाने रचलेलं नाही. नार्कोलेप्सीच्या चुकलेल्या निदानांत हीच तीन नावं पुन्हा पुन्हा येतात.

'नार्कोलेप्सी' हा शब्द १८८० साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने घडवला. त्याचा रोगी दारूच्या पिंपांचा व्यापारी होता, वय ३८, दिवसाला झोपेचे दोनशेपर्यंत झटके. हा गृहस्थ खदखदून हसला किंवा चांगला सौदा होणार असं दिसलं की त्याचे पाय लटपटायचे. (धंद्यात याहून वाईट आजार कोणता असेल? समोरच्याला तुमचा नफा तुमच्या गुडघ्यांवरून कळतो.) जेलिनोने हे सगळं नीट लिहून ठेवलं आणि हा स्वतंत्र आजार आहे असं बजावलं. पुढच्या काळात मात्र काही मनोविश्लेषकांना यात जगापासून पळ काढायची सुप्त इच्छा दिसली. म्हणजे आळशीच, फक्त सुशिक्षित भाषेत.

खरी उकल कुत्र्यांनी केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात नार्कोलेप्सी असलेली कुत्री सांभाळायला सुरुवात केली. डॉबरमन आणि लॅब्राडॉर जातींत हा आजार आनुवंशिक निघाला. आवडता खाऊ समोर ठेवला की ती आनंदाने कोलमडायची. इमॅन्युएल मिन्यो यांनी दहाएक वर्षं खपून त्यांच्यातला बिघडलेला जीन शोधला. तो होता हायपोक्रेटिन नावाच्या रसायनाचा संदेश घेणाऱ्या ग्राहकाचा. या रसायनाचं दुसरं नाव ओरेक्सिन, कारण १९९८ मध्ये दोन वेगळ्या गटांनी ते शोधलं आणि आपापलं बारसं केलं. मिन्यो यांचा शोध ऑगस्ट १९९९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. त्याच महिन्यात त्याच नियतकालिकात मासाशी यानागिसावा यांच्या टेक्सासमधल्या गटाने दाखवलं, की उंदरांतून ओरेक्सिन काढून टाकलं तर त्यांनाही नार्कोलेप्सी होते. एक कुत्र्यांच्या वाटेने आला, दुसरा उंदरांच्या, आणि दोघे एकाच दारात भेटले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'ड्यूस बिगलो' नावाचा हॉलीवूडचा विनोदी सिनेमा आला. त्यात नार्कोलेप्सी असलेली एक बाई आहे, बोलिंग खेळता खेळता झोपी जाते, आणि तिचं काम एवढंच की आपण हसावं. एकाच वर्षात एकीकडे कारण सापडत होतं आणि दुसरीकडे थिएटरात हशा पिकत होता. यातलं लोकांपर्यंत काय पोचलं हे तुम्ही ओळखलंच असेल. आजही तुमच्या फोनवर हा शब्द टाकलात तर पळता पळता पडणाऱ्या गोंडस कुत्र्यांचे व्हिडिओ मिळतील, खाली हसून रडणाऱ्या इमोजींची रांग.

२००० मध्ये माणसांचे पुरावे आले. जिवंत रुग्णांच्या मणक्यातलं पाणी तपासलं तर बहुतेकांत हायपोक्रेटिन नव्हतंच. मृत रुग्णांच्या मेंदूत पाहिलं तर ते बनवणाऱ्या ८५ ते ९५ टक्के पेशी गायब. निरोगी माणसात या पेशी किती असतात? मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी साधारण सत्तर हजार. हायपोथॅलॅमसच्या एका कोपऱ्यात बसलेली ही मूठभर मंडळी कुंपण राखतात. ती मेली की पुन्हा येत नाहीत.

ज्या मुलीच्या मेंदूतल्या या पेशी गेल्यात तिला "मनावर घे" म्हणणं आणि मधुमेही मुलाला "जरा इन्सुलिन तयार कर की" म्हणणं यात मला फरक दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर तो विज्ञानातून आलेला नाही. आपण कुंभकर्णावर हसतो, पण पुराणानेसुद्धा त्याच्या झोपेला कारण दिलंय: वर मागायच्या वेळी सरस्वती त्याच्या जिभेवर बसली आणि मागायचं ते राहून भलतंच निघालं. राक्षसाच्या वाट्याला आलेली एवढी उदारता आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला मिळत नाही.

पेशी मरतात का? सगळ्यात जास्त संशय स्वतःच्याच प्रतिकारशक्तीवर आहे. टाइप १ च्या बहुतेक सगळ्या रुग्णांत एचएलए जीनचा एक विशिष्ट प्रकार सापडतो. म्हणून काही जण त्याची रक्ततपासणी करून "निदान पक्कं" म्हणतात. ते चूक आहे. हाच प्रकार अनेक समाजांत चारातल्या एखाद्या निरोगी माणसातही असतो. बी असणं वेगळं आणि उगवणं वेगळं. उगवण्यासाठी बाहेरून काहीतरी पडावं लागतं, आणि ते काय असू शकतं याचा सगळ्यात मोठा धडा स्वाइन फ्लूच्या साथीने दिला.

२००९-१० मध्ये युरोपात पँडेम्रिक्स ही लस कोट्यवधी लोकांना दिली गेली. ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून बातमी आली, की लस घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सी वाढते आहे. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला. याच साथीवरच्या दुसऱ्या लसींत तसा संबंध दिसला नाही. चीनमध्ये त्याच सुमारास रुग्ण वाढले, पण तिथे लसीचा हात दिसेना. साथीचा विषाणूच पुरेसा होता. एवढं वाचून कुणी लगेच स्क्रीनशॉट काढून 'बघा, लसी घातकच' असं फॅमिली ग्रुपवर टाकणार असेल तर थांबा. लसविरोधकांना आम्ही फक्त पुरावा म्हणून हवे असतो. आणि दुसरीकडे लसींची बदनामी नको म्हणून हा विषयच काढू नये म्हणणारे सद्गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही असायलाच नको असतो. एक विशिष्ट लस, विशिष्ट जीन असलेली थोडी मुलं, आणि त्यांचं झालेलं खरं नुकसान, एवढं सरळ वाक्य दोन्ही बाजूंना झेपत नाही.

या शोधाच्या वाटेवर एक गोष्ट घडली, ती मला फार आवडते. मिन्यो यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रतिकारशक्तीचा थेट पुरावा मिळाल्याचा निबंध छापला. गाजावाजा झाला. मग त्यांनाच तो प्रयोग पुन्हा जमेना, आणि २०१४ मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला. जगभर नाव असलेला माणूस "आमचं चुकलं" म्हणाला. हायपोक्रेटिनवर हल्ला करू शकणाऱ्या पेशींचा जास्त भक्कम पुरावा २०१८ मध्ये दुसऱ्या गटाकडून आला. मला "मोबाईल कमी करा" सांगणाऱ्या चौघांपैकी एकाचाही असा फोन अजून आलेला नाही.

आता कोर्ट. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये एका सात वर्षांच्या मुलाला ही लस दिली गेली आणि पुढे त्याला कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी झाली. तिथल्या कायद्यानुसार लसीने गंभीर अपंगत्व आलं तर एक लाख वीस हजार पौंड मिळतात. गंभीर म्हणजे किमान ६० टक्के. सरकारने लसीमुळे आजार झाला हे मान्य केलं. पण हे अपंगत्व गंभीर नाही, असा पवित्रा घेतला. मुलगा बसने एकटा जाऊ शकत नव्हता, झोप लागून स्टॉप चुकायचा. एकट्याने आंघोळ करणं धोक्याचं. शाळेच्या एका दिवसात अनेकदा झोपावं लागे. सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की मोजायचं तर आजचं मोजा, मोठेपणी काय होईल ते धरू नका. हे प्रकरण पायऱ्या चढत अपील कोर्टापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकार हरलं. मुलगा तोवर चौदा-पंधरा वर्षांचा झाला होता.

सरकारला आजार दिसत होता, कारण दिसत होतं, फक्त झोपेने कुणाचं एवढं काय बिघडतं हे पटत नव्हतं. गंभीर म्हणजे रक्त, व्हीलचेअर, ऑक्सिजन. झोप काय, सगळ्यांनाच येते! हेच वाक्य मला एका टीम लीडने ऐकवलं होतं. "मलापण मीटिंगमध्ये झोप येते गं, मी कॉफी पिते." तिचा हेतू चांगला होता, म्हणून जास्त लागलं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स नावानिशी आहेत, ते योग्यच आहे. नार्कोलेप्सीचं नाव नाही. 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार' असा एक मोघम कप्पा आहे, त्यात बसवून घ्या आणि ४० टक्के सिद्ध करा. हसताना गळणाऱ्या गुडघ्यांचे टक्के कसे काढणार, आणि तेही बोर्डासमोर, जिथे हसण्यासारखं काहीच नसतं?

तपासणीची गोष्टही तशीच. निदानाची रूढ चाचणी एमएसएलटी. आदल्या रात्री लॅबमध्ये तारा लावून झोपायचं, म्हणजे रात्रीची झोप मोजली जाते. मग दिवसा दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी, चार-पाच वेळा. सरासरी आठ मिनिटांच्या आत डोळा लागला आणि निदान दोनदा पंधरा मिनिटांच्या आत रेम झोप आली, तर नार्कोलेप्सी. टेक्निशियन दार लोटताना म्हणाला, "झोपा मॅडम." दिवसाढवळ्या कुणी मला झोपायला सांगण्याची ती पहिलीच वेळ. मी रडले, आणि मग अर्थातच दोन मिनिटांत झोपले.

चाचणी वाईट नाही, पण तिला देव करू नये. कॅटाप्लेक्सी नसलेल्या, म्हणजे टाइप २ च्या रुग्णांत ती पुन्हा केली तर निकाल पुष्कळदा बदलतो. नाइट शिफ्ट करणाऱ्या, झोपेची थकबाकी असलेल्या माणसात ती खोटाच होकार देऊ शकते. आणि डिप्रेशनच्या अनेक गोळ्या रेम झोप दाबतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या किमान दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. म्हणजे ज्याला आधी चुकून डिप्रेशनचं लेबल लागलं, त्याची खरी चाचणी त्या लेबलच्या गोळीमुळेच बिघडायची शक्यता. मणक्यातल्या पाण्यात हायपोक्रेटिन मोजणं हा सरळ मार्ग आहे, मिलिलिटरला ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी निघालं की टाइप १ चा प्रश्न जवळजवळ मिटतो. तो मार्ग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

औषधांकडे या. मोडाफिनिल ही गोळी जगात बऱ्याच ठिकाणी परीक्षेच्या आदल्या रात्री आणि स्टार्टअपच्या डेडलाइनला 'स्मार्ट ड्रग' म्हणून घेतली जाते. निरोगी माणसाने जास्त काम करायला घेतली तर ती महत्त्वाकांक्षा, आणि मी नुसतं जागं राहायला घेतली की केमिस्ट काउंटरवर माझ्याकडे आणि चिठ्ठीकडे आळीपाळीने बघतो. २००३ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या केली व्हाइटच्या नमुन्यात मोडाफिनिल सापडलं तेव्हा तिने नार्कोलेप्सीचं कारण पुढे केलं होतं. पुढच्या वर्षी तिने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. आमच्या आजाराला लोक खरा मानतात ते असे, बहाणा म्हणून.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. ओरेक्सिनचं महत्त्व कळलं ते आमच्यासारख्यांमुळे, आमच्या कुत्र्यांमुळे, आमच्या मेलेल्यांच्या मेंदूंमुळे. त्या ज्ञानातून बाजारात आलेलं पहिलं औषध कुणासाठी होतं? निद्रानाशवाल्यांसाठी. सुव्होरेक्संट, अमेरिकेत मंजुरी २०१४. ओरेक्सिनचा मार्ग अडवा, झोप आणा. म्हणजे आमची कमतरता तात्पुरती गोळीत भरून इतरांना विकली गेली, आणि जे आमच्यात नाही ते भरून देणारं औषध तेव्हा कुठेच नव्हतं. न्याय म्हणून सांगते: कुलूप अडकवणारी वस्तू बनवणं सोपं, नेमकी किल्ली बनवणं अवघड. रसायनशास्त्राची ही अडचण खरी आहे. पण ज्यांना झोप येत नाही ते कोट्यवधी आहेत आणि आम्ही लाखात पंचवीस ते पन्नास, हा हिशेब रसायनशास्त्राने मांडलेला नव्हता.

किल्ली आता घडते आहे. टाकेडा कंपनीचं पहिलं तोंडी औषध यकृताला इजा होत असल्याने २०२१ मध्ये चाचणीतच थांबवावं लागलं. दुसरं, ओव्हेपोरेक्सटॉन. त्याच्या ११२ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: दिवसा जागं राहण्याची क्षमता लक्षणीय वाढली, कॅटाप्लेक्सी कमी झाली, यकृताची ती अडचण दिसली नाही. तो लेख मी तीन बैठकांत वाचला. मधल्या दोन वेळा झोपले.

पण औषध आलं तरी ते चिठ्ठीवर लिहायला निदान लागेल, आणि निदानाआधी संशय. झोपाळूपणा मोजायला दवाखान्यांत एपवर्थ नावाची प्रश्नावली वापरतात, १९९१ पासूनची. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, दुपारच्या जेवणानंतर, सिग्नलला थांबलेल्या गाडीत वगैरे झोप लागण्याची शक्यता किती. उपयोगाची आहे, पण परीक्षेच्या दिवसांत तुमच्यापैकी निम्म्यांचे मार्क त्यात भरपूर येतील. कॅटाप्लेक्सी मात्र नार्कोलेप्सी सोडून सहसा कुठेच दिसत नाही, आणि ती ओळखायला मशीन लागत नाही, लॅब लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक प्रश्न लागतो. तुमच्या होस्टेलच्या खोलीत, घरात, ऑफिसात कायम पेंगणारा जो कुणी असेल त्याला तुम्हीही तो विचारू शकता, आणि उत्तर 'हो' आलं तर त्याला सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा झोपेच्या डॉक्टरकडे नेऊ शकता: "खूप हसल्यावर तुझे गुडघे वाकतात का, मान पडते का, हातातली वस्तू सुटते का?"

मला तो पाचव्या डॉक्टरने विचारला. दहा सेकंद लागले असतील. फाइल उघडण्याआधी, आणि मोबाईलचा विषय न काढता.